नाताळचं ताट घरच्या घरी: काय, कधी आणि कोणत्या क्रमानं

प्रश्न थोडक्यात असा: मालाडला वन बीएचके घर, दोघंही नोकरी करणारे, स्वयंपाकघरात छोटा ओटीजी, म्हणजे विजेचा ओव्हन. लहानपणी शेजारच्या ख्रिश्चन कुटुंबाकडून नाताळला क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं ताट यायचं. त्यात केक, पेरूच्या लाल वड्या, कलकल (मैद्याच्या गोळ्या गुंडाळून तळलेला गोड पदार्थ), नेवऱ्या आणि शिंपल्याच्या आकाराच्या पांढऱ्या मिठाया असायच्या. यंदा ते सगळं घरी करायचंय, चांदणी आणि गोठाही (येशूच्या जन्माचा देखावा) हवाय. सुरुवात कुठून करायची?

आधी कॅलेंडर घ्या. ताटातला प्रत्येक पदार्थ मुंबईच्या हवेत वेगवेगळे दिवस टिकतो आणि जुन्या घरांतला कामाचा क्रम त्यावरच बसवलेला असतो. रममध्ये मुरलेली फळं महिनोन् महिने राहतात, पेरूचं चीज (म्हणजे त्या लाल वड्या) महिनाभर, तळलेले कलकल पंधरा दिवस, दूध-काजूची मिठाई जेमतेम आठवडा. म्हणजे सर्वांत टिकाऊ ते सर्वांत आधी आणि सर्वांत नाजूक ते शेवटी. हे उलटं केलं की २३ तारखेला रात्री अकरा वाजता एका शेगडीवर पेरू, दुसरीवर दूध आणि ओटीजीत केक अशी वेळ येते, आणि त्यातलं एक तरी करपतं.

दुसरं म्हणजे, पदार्थ कमी निवडा. मुंबईतल्या या ताटात ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातले मूळचे ख्रिश्चन), गोवेकर आणि मंगळुरी घरांची सरमिसळ झालेली असते, त्यामुळे यादी वाढवावी तितकी वाढते. पहिल्या वर्षी केक, पेरूचं चीज, कलकल आणि मिल्क क्रीम (त्या शिंपल्याच्या आकाराच्या दूध-काजूच्या मिठाया) एवढे चार पुरे. नेवऱ्या जमतातच, कारण करंजी येत असेल तर त्यांत नवीन काही शिकायचं नाही. सारणात रवा, सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि बेदाणे घाला, झालं. गोव्याच्या थराथरांच्या बेबिंकाच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्याचा एकेक थर वरच्या आचेवर वेगळा भाजावा लागतो आणि छोट्या ओटीजीत वरची तापणारी कांडी इतकी जवळ असते की तिसऱ्या थरापर्यंत पहिला वातड होतो. दोदोलही पुढच्या वर्षी. काळा गूळ, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध तासन् तास घोटायला दोन माणसं आलटून पालटून लागतात.

केकची फळं नोव्हेंबरच्या मध्यावर भिजवायला हवीत. उशीर झाला असेल तर निदान दोन आठवडे द्या. आठ इंची गोल डब्यासाठी काळ्या मनुका २०० ग्रॅम, बेदाणे १५०, बिनबियांचा खजूर १००, पाकवलेली संत्र्याची साल ७५ आणि चेरी ७५, असा एकूण ६०० ग्रॅम ऐवज घ्या. मनुका आणि बेदाणे धुवा, पण पंख्याखाली कापडावर पसरून पूर्ण कोरडे होऊ द्या. ओलेपणा राहिला की रम पातळ होते आणि बरणीत बुरशीला वाव मिळतो. खजूर आणि साल बेदाण्याच्या आकाराची चिरा. मोठे तुकडे केकमध्ये तळाशी बसतात आणि कापताना सुरीबरोबर ओढले जातात. यावर १८० मिलि रम, म्हणजे बरोबर एक क्वार्टर. काचेच्या बरणीत भरा, अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि तीन-चार दिवसांनी एकदा बरणी उलटसुलट करा. काजू यात भिजवू नका, ते मऊ पडतात. १०० ग्रॅम काजूचे तुकडे केक करतानाच घाला.

रम नको असेल तर संत्र्याचा रस चालतो, पण तो महिनाभर नाही. मुंबईच्या तापमानात रसातली फळं दोन दिवसांत फसफसतात. त्यासाठी २०० मिलि रसात फळं मंद आचेवर दहा मिनिटं, रस आटेपर्यंत शिजवा, गार करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत केक करा. असा केक फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. शेजारी मुसलमान कुटुंब असेल, घरात लहान मुलं असतील तर हाच करा, आणि तो वेगळ्या डब्यात करून डब्यावर तसं लिहून ठेवा. ‘भाजताना दारू उडून जाते’ हे अर्धसत्य आहे, आणि वरून पाजलेली रम तर कुठेच उडत नाही.

संत्र्याची साल विकतची नको. नोव्हेंबरात नागपुरी संत्री बाजारात असतातच. साल चिरून भरपूर पाण्यात दोनदा उकळा, दोन्ही वेळा पाणी फेका. मग सालीच्या वजनाइतकी साखर आणि साल बुडेल इतकं पाणी घालून पारदर्शक होईपर्यंत शिजवा. नागपुरी संत्र्याची साल पातळ असते, वीस मिनिटांत होते. जाड, रसरशीत तुकडे आवडत असतील तर मोसंबीची साल घ्या, पण ती कडू असते, तिला तीन पाणी लागतात.

केकचा रंग आणि तो जुना कडसर वास कॅरामेलमधून येतो, कोको पावडरमधून नाही. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर कोरडीच मध्यम आचेवर ठेवा, चमचा घालू नका, पातेलं फक्त फिरवा. सोनेरी, मग तांबूस, मग गडद तपकिरी. फेस येऊन धुराची पहिली रेघ दिसली की गॅस बंद करा आणि लगेच ६० मिलि कडकडीत गरम पाणी हात लांब ठेवून ओता. गार पाणी ओतलं तर उसळून अंगावर येतं आणि साखरेचा दगड होतो. तांबूस रंगावर घाबरून थांबलात तर केक गोड होईल पण फिका दिसेल. धूर वाढू दिलात तर सगळा केक कडू, आणि त्यावर उपाय नाही. साखर शंभर ग्रॅमचीच आहे, फेकून पुन्हा करा.

बाकीचं प्रमाण: लोणी २२५ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, अंडी ४, मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, दालचिनीपूड १ चमचा, जायफळ आणि सुंठ अर्धा-अर्धा, लवंगपूड पाव. चमचा म्हणजे मोजायचा छोटा, ५ मिलिचा. लोणी खारं असेल तर वेगळं मीठ नको. इथे मुंबईची एक खास अडचण येते. पाककृतीत ‘रूम टेंपरेचरचं लोणी’ लिहिलेलं असतं, ते थंड देशातल्या खोलीचं. आपल्याकडे २८-३० अंशांना लोणी नुसतं मऊ न राहता तेलकट होतं, फेटताना हवा धरत नाही आणि केक दडस बसतो. फ्रिजमधून काढून अर्धा तास ठेवा; बोट दाबलं की खळगा पडावा पण बोट चकाकू नये. फेटताना मिश्रण ओघळायला लागलं तर भांडं दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. अंडी एकेक करून घाला. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं की एक चमचा मैदा टाका, जुळून येतं. मग कॅरामेल, पूर्ण गार झालेलं. निथळलेल्या फळांवर मैद्यातलेच दोन मोठे चमचे भुरभुरवा, म्हणजे ती खाली बसणार नाहीत. शेवटी मैदा आणि मसाला चाळून घाला आणि उलथन्यानं हलकेच मिसळा. पीठ चमच्यावरून धप्पकन पडायला हवं. ओघळत असेल तर फळं तळाशी जाणारच, मग मैदा भुरभुरवूनही उपयोग नाही.

डब्याला आतून बटर पेपरचे दोन थर, बाहेरून खाकी कागदाची पट्टी दोऱ्यानं बांधलेली. हे जुनं तंत्र कंटाळवाणं वाटतं, पण दोन तासांच्या भाजणीत कडा करपण्यापासून तेच वाचवतं. आता तुमचा ओटीजी. डब्याच्या चारी बाजूंना दीड-दोन इंच मोकळी जागा नसेल तर आठ इंची डबा आत घालूच नका. हेच मिश्रण दोन सहा इंची डब्यांत वाटा. एकावेळी एक भाजा, दुसरा तोवर फ्रिजमध्ये. तापमान १५० अंश, फक्त खालची कांडी किंवा दोन्ही कांड्या आणि डब्यावर सैल फॉइल. आठ इंचीला दोन ते सव्वादोन तास, सहा इंचीला सुमारे दीड तास. वरून भेग पडून डोंगर झाला म्हणजे आच जास्त होती. छोट्या ओटीजीची तबकडी १५० दाखवते तेव्हा आत १८० असणं नेहमीचंच, म्हणून आत ठेवायचा थर्मामीटर विकत घ्या. आणि ओटीजी एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. तो १५०० वॅटच्या आसपास वीज दोन तास सलग ओढतो. त्याला १६ अँपियरचा सॉकेट हवा.

ओटीजीशिवायचा रस्ताही होता. दिवाळीत नानकटाईचं पीठ घेऊन बेकरीत जायचे तसेच नाताळात लोक केकचे डबे नाव लिहून भट्टीवर देत. पाव काढून झाल्यावर उतरत्या आचेवर ते भाजले जात, आणि ती संथ, चहूबाजूंची धग घरच्या ओटीजीत येत नाही. तुमच्या गल्लीतली बेकरी अजून घेत असेल तर जरूर द्या, पण आधी विचारा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या भट्ट्या स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितल्यापासून बेकरीची भाजण्याची पद्धत बदललेली असू शकते.

रमचा केक १० डिसेंबरच्या आसपास करा. गार झाल्यावर दाभणानं वरून भोकं पाडून दोन मोठे चमचे रम, मग बटर पेपर, त्यावर फॉइल, मग घट्ट डबा. आठवड्यानं पुन्हा एक चमचा. त्यापेक्षा जास्त पाजू नका, मधे चिकट लगदा होतो. डबा मुंग्यांपासून वाचवायला पाणी भरलेल्या परातीत वाटी उपडी घालून त्यावर ठेवा. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून वाया गेलेले केक करपलेल्या केकपेक्षा जास्त असतील.

पेरूचं चीज. यात चीज नसतं हे तुम्हाला ठाऊक आहे, पण चीज असावं असं ते घट्ट, चिरता येण्यासारखं असतं आणि सगळी मेख तिथेच आहे. घट्टपणा पेक्टिनमुळे येतो, आणि पेक्टिन पिकलेल्या पेरूत कमी होत जातं. म्हणून एक किलो पेरूंत बहुतेक सगळे नुकते पिवळसर व्हायला लागलेले, हाताला टणक असे घ्या. वासासाठी दोन-तीन पूर्ण पिकलेले. चौकोनी फोडी करून दीड कप पाण्यात कुकरच्या दोन शिट्ट्या. मग घोटून स्टीलच्या चाळणीतून गाळा. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नका. बिया फुटतात आणि वडीत कचकच येते. गाळलेला गर वजन करा. एक किलोतून साधारण ७०० ग्रॅम निघतो. साखर त्याच्या पाऊणपट, म्हणजे ५२५ ग्रॅम. बरोबरीनं साखर घालणारे आहेत, वडी जास्त टिकते पण पेरूची चव मागे पडते. शिवाय दोन लिंबांचा रस. तो चवीसाठी तर आहेच, पण आम्लाशिवाय पेक्टिन धरत नाही आणि साखरेचे खडे पुन्हा तयार होतात.

जाड बुडाची खोल स्टीलची कढई आणि लांब दांड्याचा लाकडी कालथा घ्या. ॲल्युमिनियम किंवा लोखंडाची कढई नको, आंबटामुळे रंग काळवंडतो. पहिली वीस मिनिटं मध्यम आच, अधूनमधून ढवळणं. त्यानंतर मिश्रण घट्ट व्हायला लागलं की ते उडायला लागतं, आणि उडालेला थेंब कातडीला चिकटून भाजतो. हातावर फडकं गुंडाळा, मुलांना बाहेर पाठवा, आच कमी करा आणि आता हात थांबवू नका. एकूण पाऊण तास ते तासभर लागतो. कढईच्या कडा सुटायला लागल्या म्हणजे झालं असं लिहिलेलं असतं, पण ती सूचना पाच-सात मिनिटं लवकर आहे. खरी परीक्षा अशी: गार स्टीलच्या ताटलीवर थेंब टाका, मिनिटभर थांबा, बोटांत घेऊन गोळी वळा. गोळी वळली आणि बोटांना चिकटली नाही तरच उतरवा. थर्मामीटर असेल तर ११० अंशांच्या आसपास. शेवटच्या दोन मिनिटांत एक मोठा चमचा लोणी, त्यानं चकाकी येते.

तूप लावलेल्या ताटात दीड सेंटिमीटर जाडीचा थर ओता आणि वाटीच्या बुडाला लोणी लावून सपाट करा. रात्रभर मलमलीखाली उघडं राहू द्या, दुसऱ्या दिवशी लोणी लावलेल्या सुरीनं चौकोन पाडा. मुंबईत सकाळची हवा दमट असते, त्यामुळे वडी कापायची आणि डब्यात भरायची ती दुपारी. ताटावर पाणी सुटलं किंवा सुरीला लगदा लागला तर ती कमी शिजलेली आहे; पुन्हा कढईत टाकून दोन चमचे पाणी घालून आटवा, काही बिघडत नाही. वडी कोरडी पडून चुरा होत असेल तर जास्त शिजली आहे, आणि तिला सुधारणं कठीण. आणि रंगाचं: पांढऱ्या गराच्या पेरूची वडी विटकरी होते, लाल गराच्या पेरूची गडद. लहानपणच्या ताटातला तो झगमगीत लाल बहुतेक वेळा खायच्या रंगाचाच असायचा. हवा असेल तर घाला, त्यात काही लाज नाही. १३-१४ तारखेला करा आणि बटर पेपरच्या थरांत भरा.

कलकल हे एकट्यानं करायचं काम नाही. तळायला अर्धा तास, वळायला तीन तास. म्हणून २० तारखेच्या आसपासचा रविवार धरा आणि वळायला माणसं बोलवा, मुलं सर्वांत उपयोगी. मैदा ५०० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, चिमूटभर मीठ, ५० ग्रॅम तुपाचं कडकडीत मोहन. नारळाचं घट्ट दूध १५० मिलिपासून सुरू करून लागेल तसं. एक अंडं घातलं तर खुसखुशीतपणा वाढतो, पण इमारतीत अंडं न खाणारे शेजारी असतील तर ते सोडून द्या, फरक थोडा आहे. पीठ शंकरपाळीपेक्षा थोडं सैल मळा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. छोट्या सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या कंगव्यावर अंगठ्यानं दाबून पातळ पसरा, मग एका टोकाकडून गुंडाळत आणा आणि शेवटची कड दाबून बंद करा.

तेलात कलकल उघडले तर ती कड नीट दाबलेली नव्हती किंवा पीठ वाळलं होतं. टणक झाले तर मोहन कमी पडलं किंवा पीठ फार मळलं गेलं. तेलकट आणि मऊ झाले तर तेल गार होतं. तेल १६०-१६५ अंशांना हवं. गोळी टाकली की ती लगेच वर उसळू नये, बुडबुडे सोडत पाच-सहा सेकंदांनी वर यावी. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं, फिकट बदामी. बाहेर रंग आला म्हणून घाईनं काढले तर आत कच्चे राहतात आणि दुसऱ्या दिवशी सगळा डबा मऊ.

साखर चढवण्यात बहुतेकांचं फसतं. एकतारी पाकात घोळले तर मुंबईच्या हवेत दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांना चिकटतात. वरून पिठीसाखर भुरभुरवली तर तीही ओलसर होते. २०० ग्रॅम साखर, ८० मिलि पाणी, पाक दोनतारीच्या पुढे, गोळीबंद होईपर्यंत नेऊन गॅस बंद करा. कलकल त्यात टाका आणि साखर पांढरी होऊन सुटी पडेपर्यंत हलवत राहा. निम्मे कलकल बिनपाकाचेच ठेवा. ते चहाबरोबर जास्त संपतात.

मिल्क क्रीम २२ तारखेच्या आधी नको. एक लिटर म्हशीचं दूध निम्मं होईपर्यंत आटवा, २५० ग्रॅम साखर घाला, पुन्हा दाट झालं की १२५ ग्रॅम काजूपूड. काजू मिक्सरमध्ये थांबत थांबत, थोडे थोडे दळा. सलग फिरवले की तेल सुटतं आणि मिठाई तेलकट दिसते. मिश्रणाचा गोळा व्हायला लागला की चमचाभर लोणी आणि व्हॅनिलाचे तीन-चार थेंब घालून उतरवा. हाताला सोसेल इतकं कोमट झालं की मळा आणि रबरी साच्यांत दाबा. हे साचे, केकचे डबे आणि बटर पेपर क्रॉफर्ड मार्केटात एकाच फेरीत मिळतात. सुका मेवा मशीद बंदरला स्वस्त पडतो. साच्याला तूप अगदी नावाला लावा, जास्त लावलं तर नक्षी उमटत नाही. साच्यातून सुटत नसेल तर मिश्रण आणखी दोन मिनिटं परता. भेगा पडत असतील तर चमचाभर कोमट दूध घालून मळा. रंग घालायचाच तर फिका गुलाबी, फिका हिरवा. शिंपल्यांना गडद रंग शोभत नाही.

आता घराचं. चांदणी दिवाळीच्या कंदिलासारखीच कामट्यांची होते. ६० सेंटिमीटरच्या दहा कामट्या घ्या, प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर खूण करा. पाच कामट्यांची एक चांदणी. जिथे कामट्या एकमेकींना ओलांडतात ते छेद बरोबर या खुणांवर आले पाहिजेत, नाहीतर एक पाय लांब आणि एक आखूड होतो. अशा दोन चांदण्या समोरासमोर ठेवून पाचही टोकं बांधा, मग आतल्या पाच छेदांवर १२ सेंटिमीटरच्या पाच आडव्या काड्या अडकवा. चांदणी फुगून उभी राहते. पतंगाचा कागद मैद्याच्या खळीनं चिकटवा, खळ पातळ लावा. पाठीमागचा एक त्रिकोण बल्बसाठी उघडा ठेवा. आत ५ वॅटचा एलईडी बल्ब, पिवळसर उजेडाचा, पाकिटावर २७०० किंवा ३००० के लिहिलेला. ६५०० केचा पांढरा बल्ब लावलात तर सगळी मेहनत दवाखान्याच्या पाटीसारखी दिसेल. हाच नियम माळांनाही लावा, आणि त्या आठवड्यात संध्याकाळी ट्यूबलाइट बंद ठेवून पाहा. आपल्याकडे थंडी नसते, त्यामुळे घराला जी ऊब द्यायची ती उजेडानंच. चांदणी आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारी चढते, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरमधल्या रविवारी.

रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं ते अरोकेरिया. त्याला खिडकीतलं सकाळचं ऊन आणि माती सुकल्यावरच पाणी द्या, एसीच्या झोताखाली ठेवू नका. फांद्या नाजूक असतात, जड काचेचे गोळे टांगले की कायमच्या खाली वाकतात.

गोठ्यासाठी फळांचा लाकडी खोका आडवा ठेवा, छपराला भाताचा पेंढा. समोरच्या हिरवळीसाठी गहू किंवा नाचणी पेरा. घटस्थापनेला धान पेरलं असेल तर पद्धत तीच. गहू रात्रभर भिजवून एक दिवस फडक्यात बांधून ठेवा, उथळ ट्रेमध्ये तीन सेंटिमीटर मातीवर दाट पेरा, दोन दिवस कागदानं झाका, मग उजेडात आणा. पाणी ओतू नका, शिंपडा. मातीवर पांढरी बुरशी आली तर पाणी जास्त झालं. गहू आठ दिवसांत बोटभर वाढतो, म्हणून १५-१६ तारखेला पेरा. त्याआधी पेरलात तर नाताळापर्यंत तो आडवा पडतो. नाचणी सावकाश आणि बुटकी वाढते, गवतासारखी दिसते, ती १३-१४ ला. कापसाचा बर्फ मला या सगळ्यात परका वाटतो. शिवाय तो दिव्यांच्या माळेजवळ लवकर पेट घेतो. बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत, आणि बाळाला भेटायला आलेले तीन राजे खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून रोज थोडे थोडे पुढे सरकवून ६ जानेवारीला गोठ्यापाशी आणायचे. मुलांना हे काम दिलं की सुट्टीभर ती त्यातच असतात.

२५ च्या सकाळी काही गरम हवं असेल तर ईस्ट इंडियन घरांतले फुगे, म्हणजे यीस्टच्या पिठाचे तळलेले गोळे करा. मैदा ५०० ग्रॅम, एक चमचा यीस्ट, एक अंडं, थोडी साखर-मीठ आणि नारळाचं कोमट दूध. पीठ भज्यांपेक्षा घट्ट आणि चिवट झालं पाहिजे, ते हातानं दहा मिनिटं थापटून फेटा. दीड-दोन तासांत दुप्पट होतं. ओल्या मुठीतून, अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा पिळून गरम तेलात सोडायचा. पहिले आठ-दहा वेडेवाकडे होतील, ते खाऊन टाका. कोंबडीच्या रश्शाबरोबर वाढा.

ताट भरताना केक आणि कलकल एकमेकांना लागू देऊ नका. केकचा ओलावा कलकल एका रात्रीत शोषतात. पेरूचं चीज आणि मिल्क क्रीम कागदी वाट्यांत. अंडं न खाणाऱ्यांच्या ताटात केक सोडून बाकी सगळं जाऊ शकतं, फक्त कलकल बिनअंड्याचे केलेले हवेत आणि तळणीचं तेल अंड्याच्या घाण्याआधीचं. ताटं २४ च्या दुपारी भरा आणि संध्याकाळी वाटा. सकाळी भरून ठेवली तर मिल्क क्रीमला पाणी सुटतं. उरलेलं मिल्क क्रीम फ्रिजमध्ये ठेवून ३० तारखेपर्यंत संपवा. पेरूचं चीज जानेवारीच्या मध्यापर्यंत टिकेल, फक्त डबा उघडताना चमचा कोरडा वापरा.